माडीची जमीन

वाचकहो, वर्षभर या पानाच्या निमित्ताने मी तुमच्या घरांत डोकावत असते. कुणाच्या भिंतीला ओल येते, कुणाच्या कपाटाला वाळवी लागते, कुणाच्या स्वयंपाकघरात दोन माणसे एकदम उभी राहू शकत नाहीत. तुम्ही आपली गाऱ्हाणी कळवता आणि मी पुण्यात माझ्या टेबलाशी बसून मोठ्या विश्वासाने उपाय सांगते. आज दिवाळी अंकाच्या निमित्ताने जरा उलटे करणार आहे. आज माझ्याच माहेरच्या घराचे गाऱ्हाणे सांगते. त्यात माझा एक उपाय साफ फसला, हेही आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढल्या वर्षी माझा सल्ला कितपत मनावर घ्यायचा, ते तुम्हाला ठरवता येईल.

माझे माहेर सोनारीचे. धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यातले हे गाव काळभैरवनाथाचे ठाणे म्हणून दूरवर ठाऊक आहे. देवळाइतकीच तिथली माकडेही प्रसिद्ध. त्यांचा उल्लेख पुढे यायचा आहे. आमचे घर त्या भागातल्या जुन्या घरांसारखेच माळवदी. हातभर रुंदीच्या दगडामातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि वर मातीचे जाड छत. पुढे ढाळज, आत चौक, माजघर, आणि माजघराच्या वर तीन खणांची माडी.

अशा माडीची जमीन बहुधा मातीची असते आणि ती शेणाने सारवतात. आमच्या आजोबांनी मात्र तिला सागवानी फळ्यांची जमीन केली. ते तरुणपणी मुंबईस गिरगावातल्या एका चाळीत बिऱ्हाडाला होते. तिथे पायाखाली फळ्यांची जमीन होती. वरच्या बिऱ्हाडात कुणी पाटा सरकवला तरी खालच्याला ऐकू येई. पण आजोबांना तिचे इतके अप्रूप वाटले, की गावी परतल्यावर १९३६ साली त्यांनी घर बांधले तेव्हा माडीला फळ्याच हव्यात म्हणून हट्ट धरला. लाकूड बार्शीच्या बाजारातून घेतले. १८९७ पासून बार्शीला लहान रुळांची आगगाडी होती, तेव्हा तिथे चांगला माल येई. बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि सोनारी निजामाच्या. त्यामुळे बैलगाड्या हद्दीवर अडल्या आणि करोडगिरीच्या नाक्यावर आजोबांना लाकडावर जकात भरावी लागली. "लाकडापेक्षा जकातीनंच माडी महाग पडली," असे आजी म्हणायची. जकातीचा आकडा दर वर्षी थोडा वाढत असे.

मला आठवते तेव्हापासून ही जमीन काळी आहे. काळी म्हणजे तव्यासारखी नव्हे. पिकलेल्या जांभळासारखी, चकाकणारी. दुपारी खिडकीतून उन्हाचा कवडसा आला की त्या जागी तेवढे लाकूड तांबूस दिसायचे. आम्ही भावंडे त्या कवडशात सागरगोटे खेळत असू. त्या खिडकीतून भैरवनाथाच्या देवळाचा कळस दिसतो. १९६२ साली आई लग्न होऊन आली, तेव्हापासून तिची निजायची जागा त्या खिडकीशी. उठल्याबरोबर कळसाला हात जोडायचे आणि मग खाली उतरायचे, हा तिचा नेम.

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे ती अशीच उठली, हात जोडले, आणि जिन्याकडे वळली. जिन्याच्या तोंडाला तीन बाजूंनी कठडा आहे. चौथी बाजू उतरण्यासाठी मोकळी. काळी जमीन आणि काळोखी जिन्याचे काळे तोंड, यांतला फरक तिला कळला नाही. पाय पोकळीत गेला. चार पायऱ्या घसरत ती भिंतीला अडली. मनगट मोडले, कंबर वाचली. खाली आम्ही उटणे कालवत होतो. तो आवाज अजून माझ्या कानांतून जात नाही. आईचे वय तेव्हा ऐंशी पुरे.

हात बांधून झाल्यावर बार्शीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवले. ते म्हणाले, "मोतीबिंदू पूर्वीच निघालाय. पण डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयानं झिजलाय. चष्मा बदलून फरक पडणार नाही. घरात उजेड भरपूर ठेवा."

भाऊबीजेला ओवाळणीआधी घरात बैठक बसली. दादा म्हणाला, माडीला कुलूप लावू, आई खाली माजघरात निजेल. धाकटा भाऊ म्हणाला, फळ्यांवर पांढऱ्या फरशा बसवू, एका आठवड्यात काम होईल. वहिनी म्हणाली, आधी मोठे दिवे तर लावून बघा. वहिनीचे म्हणणे सर्वांत स्वस्त, म्हणून ते लगेच अमलात आले. नऊ वॉटचा दिवा काढून वीस वॉटचा लावला. आईला वर नेऊन विचारले, "आता दिसतंय का?"

ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "दिसतंय की. विहिरीत चंद्र दिसावा तसा दिवा दिसतोय. जमीन कुठाय ते दिसंना."

बरोबरच होते. काळा चकचकीत पृष्ठभाग उजेड खोलीत पसरू देत नाही. आरशासारखा दिव्याचा गोळा तेवढा डोळ्यांत मारतो. फरशांचे म्हणणे मीच मोडून काढले. फळ्यांची जमीन पावलागणिक किंचित लवते. तिच्यावर सिमेंटात फरशी बसवली तर वर्षभरात सांधे उकलतात, फरश्या तडकतात, आणि तुळयांवर नको ते ओझे पडते. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या जिल्ह्यात छतावरच्या ओझ्याविषयी कुणालाही फार समजावून सांगावे लागत नाही. राहिला एकच मार्ग : आहे त्याच लाकडाचा रंग उजळायचा.

हे आईला सांगितले तेव्हा तिने मान वळवली. "पंचेचाळीस वर्षं तेल पाजलंय मी तिला," ती म्हणाली. "आता तुम्ही सोलून काढणार?"

हे मात्र मी विसरलेच होते. दर वर्षी घटस्थापनेच्या आधी घराची झाडलोट झाली की आई माडीवर चढायची. शेतातल्या जवसाचे तेल घाण्यावरून यायचे. ते कोमट करून जुन्या धोतराच्या बोळ्याने ती एकेक फळी पुसायची. तेलाचे बोळे कधी गोळा करून कोपऱ्यात टाकू द्यायची नाही; लगेच चुलीत घालायची. तो शहाणपणा खरा होता, कारण जवसाच्या तेलाचे बोळे ढिगात ठेवले तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. फळ्यांना कधी वाळवी लागली नाही. मात्र जवसाचे तेल वाळते तसे पिवळे पडते, अंधाऱ्या जागी तर अधिकच. त्यावर खालच्या चुलीचा धूर, कंदिलाची काजळी, पावलांची धूळ, आणि पुन्हा पुढल्या वर्षीचे तेल. अशी पंचेचाळीस पुटे. ज्या काळेपणाने आईचा पाय चुकवला, तो तिच्याच हाताने चढलेला होता, आणि ती गोष्ट तिला आमच्याआधी कळली होती.

दोन दिवसांनी ती आपणहून म्हणाली, "करा काय करायचं ते. पण मला माजघरात निजवू नका."

काम उन्हाळ्यात काढायचे ठरले. चैत्रातली यात्रा झाली, पाहुणे परतले, आणि वैशाखात मी पंधरा दिवसांसाठी सोनारीला गेले. लाकूड उजळण्याचे काम पावसाळ्यात करू नये. धुतलेले वाळत नाही आणि लावलेले सुकत नाही.

प्रथम केली ती धुलाई. बादलीभर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून, घट्ट पिळलेल्या फडक्याने एकेक फळी पुसली आणि लगेच साध्या पाण्याने पुसून घेतली. पाणी काळ्या चहासारखे निघाले. जमीन एका छटेने उजळली. इथेच थांबून चार दिवस विचार करावा, असे मी तुम्हाला नेहमी सांगते. अनेक घरांत एवढ्यानेच भागते. लाकूड काळे नसतेच, मळलेले असते. पण मला यश चढले. पांढरे कपडे पांढरेशुभ्र करणारे ब्लीचिंगचे पाणी घरात होते. जे कपड्याला चालते ते लाकडाला का चालू नये, म्हणून मी ते कपाटाखालच्या दोन फळ्यांवर ओतले.

वाचकहो, चालत नाही. हे पाणी शाई किंवा कपड्याचा रंग घालवते; वाळलेल्या तेलाचे पूट त्याला जुमानत नाही. जिथे पूट झिजले होते तिथे ते आत शिरले आणि लाकूड मांजराच्या अंगासारखे केसाळ, राखाडी झाले. बाकी काळे ते काळेच राहिले. दोन फळ्या महारोग झाल्यासारख्या दिसू लागल्या. सुतारमामांनी वर येऊन पाहिले. "ताई, ह्ये कुनी केलं?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "मीच." त्यावर ते काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. एवढे खरे, की हा प्रयोग मी कपाटाखाली केला होता. तुम्हीही कुठलाही प्रयोग करायचा तर कपाटाखालीच करा.

मामांनी रंधा मारून पाहिला. हातभर फळी होते न होते तोच पाते बोथट झाले. सागात बारीक वाळूसारखा अंश असतो, त्याने पोलादाची धार मरते. शिवाय जुन्या फळ्या हाताच्या करवतीने कापलेल्या, कुठे उंच कुठे सखल. तेव्हा बार्शीहून घासण्याचे यंत्र दोन दिवसांच्या भाड्याने आणले.

यंत्र आले तरी अर्धा दिवस ते कोपऱ्यातच बसून होते, कारण आधी खिळे आत घ्यायचे होते. आजोबांच्या वेळचे चौकोनी लोहारी खिळे. एकेकाचे डोके पंच लावून फळीच्या पातळीखाली ठोकावे लागते. खिळा वर राहिला तर यंत्राचा कागद फाटतो, ठिणगी उडते, आणि यंत्राच्या पिशवीतला कोरडा भुसा पेटू शकतो. खाली माजघरात वहिनीने भांड्यांवर, देव्हाऱ्यावर, धान्याच्या कणग्यांवर जुन्या साड्या पांघरल्या. फळ्यांच्या फटींतून भुशाचा पाऊस पडणार हे तिने न सांगता ओळखले होते. सागाच्या भुशाने नाक चुरचुरते, अंगाला खाज सुटते; तेव्हा नाकातोंडावर मास्क हवाच.

आधी साठ नंबरचा जाड कागद, मग ऐंशी, मग एकशेवीस. फळीच्या रेघेच्या दिशेनेच यंत्र चालवायचे आणि एका जागी क्षणभरही थांबवायचे नाही. मी एकदा हात पालटायला थांबले, तिथे वाटीएवढा खळगा आहे. तुम्ही आमच्याकडे आलात तर दाखवीन. आमच्या फळ्या सव्वा इंच जाडीच्या, म्हणून जेमतेम दीड मिलिमीटर गेले तरी चिंता नव्हती. फळ्या पातळ असतील, किंवा वर नुसता सागाचा पापुद्रा चिकटवलेला असेल, तर हा उद्योग करू नये.

आई खाली ढाळजेत बसून तो घरघराट ऐकत होती. संध्याकाळी तिचे मन रमावे म्हणून मी तिला एक गोष्ट सांगितली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांतले 'ट्रिंकोमाली' नावाचे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले, आणि ते आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. त्या काळचे खलाशी जहाजाच्या फळ्या पाणी आणि वाळूच्या दगडाने घासून पांढुरक्या करीत. साग घासण्याने मरत नाही. युरोपात उत्तरेकडे नॉर्वे-डेन्मार्कात हिवाळ्याचा दिवस चार घटका टिकतो, म्हणून तिथले लोक देवदाराची जमीन क्षाराने आणि साबणाने धुऊन मुद्दाम पांढरी ठेवतात. उजेडाचे दुर्भिक्ष असले की जमिनीकडूनही तो उसना घ्यावा लागतो.

आईने सगळे ऐकून घेतले. "जहाजावर कुणाची म्हातारी निजत होती?" तिने विचारले. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सगळी पुटे निघाली आणि नवेच संकट उभे राहिले. खिडकीच्या बाजूला प्रत्येक खिळ्याभोवती रुपयाएवढा निळाकाळा डाग. कितीही घासा, डाग खोलच. याचे कारण दादाला आठवले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडामातीखाली गेली. आमच्या परंडा भागात घरे उभी राहिली, पण माणसांचा माळवदावरचा विश्वास उडाला. पुढले कित्येक दिवस सगळा गाव अंगणात निजत होता. आमच्या वडिलांनी माडीवरची सगळी माती उतरवली आणि पत्रे मागवले. पत्रे येईपर्यंत परतीचा पाऊस उघड्या माडीवर पडला. ते पाणी खिळ्यांच्या वाटेने लाकडात मुरले. मग आईने नेहमीप्रमाणे तेल लावले, आणि डाग तेलाखाली झाकले गेले ते बत्तीस वर्षांनी आज वर आले.

जुन्या काळी हिरडा आणि हिराकस उकळून काळी शाई करीत, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. लाकडातल्या तुरट द्रव्याचा ओल्या लोखंडाशी संयोग झाला की तशीच शाई लाकडाच्या पोटात तयार होते. ती घासून जात नाही; तिला ऑक्झॅलिक ॲसिड लागते. लिटरभर कोमट पाण्यात साधारण पन्नास ग्रॅम स्फटिक विरघळवून, बादली प्लॅस्टिकचीच घेऊन, ब्रशाने डागावरच नव्हे तर पुऱ्या फळीवर सारखे लावले. डागापुरते लावले तर काळ्या ठिपक्यांच्या जागी पांढरे ठिपके येतात. डोळ्यांदेखत निळाकाळा रंग विरत गेला. अर्ध्या तासाने खिळ्याभोवती फिकट कडे तेवढे उरले. मग साध्या पाण्याने दोनदा पुसून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा, आणि पुन्हा साध्या पाण्याने. हे द्रव्य विषारी आहे. हातमोजे, चष्मा हवा. मुले आणि जनावरे दूर हवीत. आणि पुरते धुतल्याशिवाय वाळल्यावर घासू नये, कारण त्याची पूड नाकात जाणे वाईट. ब्लीचिंगच्या पाण्यात तर ते कधीही मिसळू नये; त्यातून विषारी वायू सुटतो. लाकडाचा मूळ रंगच घालवणारे दोन बाटल्यांचे जहाल औषधही बाजारात मिळते. चांगल्या जुन्या सागावर त्याची गरज नसते.

जमीन वाळली. मी मोठ्या आशेने खिडक्या उघडल्या, आणि माझा चेहरा उतरला. कुठे हिरवट, कुठे मातकट, मध्येच काळपट रेघा. वहिनी म्हणाली, "वन्सं, आधीचं काळं बरं होतं का हो?" सुतारमामा तेवढे निश्चिंत होते. "आठ दिस खिडक्या उघड्या ठिवा," ते म्हणाले, "ऊन खाऊ द्या त्याला." ताज्या घासलेल्या सागाचा रंग असाच ओबडधोबड असतो, आणि उजेड लागला की तो हळूहळू एकसारखा, मधासारखा होतो, हे मी स्वतः या पानावर एकदा लिहिले आहे. लिहिणे वेगळे आणि आपल्या आईच्या जमिनीकडे आठ दिवस पाहत बसणे वेगळे. नवव्या दिवशी सकाळी माडी सोनेरी झाली होती. खालचे आढे, भिंतीचा चुना, खुंटीवरची वडिलांची काठी, सगळेच उजळ दिसत होते. कुठला दिवा न लावता.

आईला वर आणायचे ठरले. एक काम मात्र बाकी होते. जिन्याच्या तोंडाशी, कठड्याच्या आत यंत्र शिरत नव्हते. तिथली शेवटची फळी, वीतभर रुंदीची, अजून जुनीच काळी होती. ती मामा दुसऱ्या दिवशी हाताने खरवडणार होते. अर्धवट काम आईला दाखवू नये असे मला वाटत होते. पण ती खाली निजून कंटाळली होती.

दादा मागे, मी पुढे, अशी ती चढून आली. तिने चप्पल काढली आणि पाऊल टेकवले. पायाने चाचपले. मग खिडकीपर्यंत चालत गेली, कळसाला हात जोडले. आम्ही कुणी बोललो नाही. तिला ही जमीन आवडली की नाही, हे विचारायचा धीर माझ्याजवळ नव्हता.

परत फिरताना मी तिचा दंड धरायला पुढे झाले. तिने हात झटकला. सोनेरी फळ्यांवरून ती सरळ चालत आली, आणि त्या काळ्या फळीच्या अलीकडे, बरोबर चार बोटांवर थांबली. खाली पाहिले. एक पाय त्या काळ्या फळीवर ठेवला, कठडा धरला, आणि दुसरा पाय पहिल्या पायरीवर. मग थांबून म्हणाली, "ही काळी पट्टी तेवढी राहू दे."

"आई, ती उद्या मामा काढणार आहेत. अर्धी राहिलीय."

"तेच म्हणते मी. काढू नका. हिच्यामुळं कळतंय मला, जमीन कुठं सरली ते."

मी सहा महिने उजेडाचा विचार करीत होते. दिवे बदलले, रंग उतरवला, पुस्तके चाळली. सगळी जमीन सारखी काळी होती तेव्हा तिला काठ दिसत नव्हता. ती सगळी सारखी पांढरी केली असती तरी पहाटेच्या अंधुक उजेडात काठ दिसला नसता. तिच्या डोळ्यांना नुसता उजेड पुरेसा नव्हता. दोन रंगांतला फरक हवा होता. तो अपुऱ्या राहिलेल्या कामाने दाखवला, आणि मी तो दुसऱ्या दिवशी पुसून टाकणार होते.

मग आईच मुकादम झाली. जिन्याच्या पायऱ्या काळ्याच ठेवायच्या, पण प्रत्येकीच्या पुढच्या कडेला तीन बोटे रुंद पट्टी घासून उजळ करायची, हे तिने सांगितले. सुतारमामा म्हणाले, "काकू, आधीच सांगितलं असतं तर यंत्राचं भाडं वाचलं असतं." त्यावर ती बऱ्याच दिवसांनी हसली.

शेवटचे काम राखण्याचे. पुन्हा जवसाचे तेल लावले असते तर दहा वर्षांत पुन्हा काळोख. म्हणून पाण्यात मिसळणारे, न पिवळणारे, चमक नसलेले पारदर्शक रोगण निवडले; चमकदार घेतले तर पुन्हा विहिरीतला चंद्र. साग अंगचा तेलकट असतो, म्हणून आधी थिनरने पुसून घेतला. पहिला हात लावून आम्ही जेवायला खाली आलो. वर धपधप आवाज झाला. खिडक्या उजेडासाठी सताड उघड्या ठेवल्या होत्या, आणि सोनारीत हे करू नये हे सांगायला मी पुण्याची झालेली, विसरले होते. वर गेलो तो ओल्या रोगणावर खिडकीपासून कठड्यापर्यंत माकडांची पावले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. आई जिन्याखालून म्हणाली, "नाथाची मंडळी पायधूळ झाडून गेली. आता वास्तुशांत वेगळी करायला नको." वाळल्यावर बारीक कागदाने हलके घासून दुसरा हात दिला. पावले गेली, एक मात्र खिडकीच्या कोपऱ्यात तिरप्या उन्हात अजून दिसते. ते आम्ही तसेच ठेवले आहे.

घटस्थापनेच्या आधी दादाचा फोन आला. माडीवर आई बसली होती, हातात बोळा, पुढ्यात तेलाची वाटी. मी घाबरून विचारले, "सगळीला लावतेय का?"

"नाही," दादा म्हणाला. "काळ्या फळीला तेवढं. म्हणते, एवढीच उरलीय माझ्या वाटची."

यंदाच्या नरकचतुर्दशीला मी सोनारीला असेन. पहाटे उटणे कालवताना माझे कान वरच लागलेले असतील. तुमच्या घरी कुणी वडीलधारे माणूस असेल तर या दिवाळीत रोषणाई करताना एकदा त्यांच्या जिन्याशी, उंबऱ्याशी, न्हाणीच्या पायरीशी उभे राहा. काठ कुठे आहे ते त्यांना दिसते का, हे त्यांनाच विचारा. सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.